बिस्किटाची प्रदक्षिणा

भाऊबीज, रात्रीचे साडेअकरा. सगळी झोपलीत.

आज माझंच बिस्किट माझ्याकडं फराळाला आलं. नंतर मलाही हसू आलं, पण संध्याकाळी समोरच्या वहिनींच्या ताटावरचा रुमाल उचलला तेव्हा पोटात खड्डाच पडला. दोन लाडू, शंकरपाळ्या, चिवडा आणि करंजीला टेकून तीन सुंठीची बिस्किटं, तिन्ही एका बाजूनं चपटी. दुसऱ्या कुणाची असणार? मी ती आईच्या चाटणाच्या वाटीनं कापलीत आणि त्या वाटीची कड चेपलेली आहे. ती वाटीच का काढली ते आज नको.

वहिनींना मी दिलीच नव्हती. दिली होती वरच्या काकूंना, वसुबारसेला. वहिनी म्हणाल्या, "शाहूपुरीच्या नणंदेकडनं आलीत, वेगळीच आहेत बघा, घ्या चाखून." काकूंची भाची शाहूपुरीत असते, म्हणजे रस्ता कळला. गोडोलीतनं निघून शाहूपुरी करून परत गोडोलीत. आणि मी तोंडातनं चकार शब्द काढला नाही, "अय्या, कसली भारी दिसतायत" म्हणाले.

वेगळीच आहेत बघा. म्हणजे काय?

दोन रविवार घातलेत ओ मी त्यात. पहिल्या घाण्याला ओलं आलं किसून घातलं, म्हटलं साताऱ्यात राहून आलं सोडून काय घालायचं, कोरेगावकडं शिवारंच्या शिवारं आल्याची. पण ओल्या आल्यात पाणी असतं, त्यात गूळही पाघळला, सगळा ट्रे एकच भाकरी झाला. मग सुंठ. तीन चमचे सुंठ, दालचिनी, चार लवंगा, जराशी मिरी, कणीक, तूप, चिमूटभर सोडा, 180 वर बारा मिनिटं. ओटीजीतनं काढल्यावर मऊच होती, मी रडकुंडीला, आणि गार झाल्यावर आपोआप कडक. वरनं छान तडे गेलेले. तेव्हा ह्यांना उठवून दाखवलं होतं. ते म्हणाले, "काढ्यासारखा वास येतोय." तिथंच ओळखायला हवं होतं.

काकूंना आठ दिली होती, आली तीन. पाच कुणीतरी खाल्ली असणार ना? की ती अजून फिरतायत, करंज्याला नाहीतर कराडला?

आई दिवाळीआधी पत्र्याचा डबा घेऊन भट्टीवर जायची. मैदा, साखर, डालडा घरचं, मजुरी किलोवर, नंबर लावून दुपारभर बसायचं, मी तिथल्या काळ्या पत्र्यांचे चटके खात. तेव्हा कुणाची बिस्किटं कुणाला आवडली नाहीत असं व्हायचंच नाही, कारण आख्ख्या आळीची एकाच भट्टीतली, एकाच चवीची. आपली म्हणून वेगळी ओळखायची सोयच नव्हती. मला वेगळी करायची होती. झाली.

वाचलं होतं की आलं वाळलं की त्यातल्या जिंजेरॉलचं शोगाओल होतं आणि ते जास्त झोंबतं. म्हणजे दोष माझा नाही, शोगाओलचा. हे काकूंना कसं सांगणार.

बरं, मी तरी कुठली सावित्री. काकूंच्या अनारशांना आजवर एकदाही जाळी पडलेली मी बघितली नाही, आणि ते दरवर्षी आमच्याकडनं सासूबाईंच्या भिशीला जातात, झाकणसुद्धा न उघडता. काकूंना कळलं असेल का? भिशीतल्या एक बाई त्यांच्या चुलतजाऊच लागतात, हे आत्ता लिहिताना आठवलं. देवा.

मघाशी एक खाल्लं चहासोबत. कडकपणा गेलाय, चिवड्यातल्या कढीपत्त्याचा वास लागलाय, पण सुंठ जरा शांत झालीये. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशीपेक्षा बरं लागलं. आईला... असो. दुसरंही खाल्लं. तिसरं ह्यांच्या डब्यात टाकलंय, बघू ओळखतात का.

आता वहिनींचं ताट धुऊन ओट्यावर पालथं घातलंय. रिकामं कसं परत द्यायचं, तशी पद्धत नाही आपल्यात. लाडू संपले, चकल्या पोरांनी परवाच फस्त केल्या, चिवड्याचा तर नुसता तळ उरलाय. डबे उघडून बघितले सगळे.

बिस्किटं आहेत अजून, एकोणीस.