तुम्ही विचारलंत म्हणून: ॲडजस्टेबल खोगीर नक्की कुणाला ॲडजस्ट होतं?

दर डिसेंबरात सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा उरकली की माझ्या फोनवर तेच सुरू होतं. कुणीतरी नवीन घोडा आणलेला असतो, त्याचा एका बाजूने काढलेला फोटो येतो आणि खाली प्रश्न, "ताई, ॲडजस्टेबल सॅडल घ्यायचंय, म्हणजे घोड्यालाही बसेल आणि मलाही, कुठलं घेऊ?" मी उलट चार गोष्टी विचारल्या की समोरचा वैतागतो, "अहो तुम्ही फक्त नाव सांगा ना." नाव सांगितलं की डोळे मिटून तेच घेतात आणि काही महिन्यांनी परत फोन, तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, कसताना घोडा चावायला येतो म्हणून. तर आता एकदाच सगळं लिहून ठेवतेय. नाव यातही सांगणार नाही, कारण माझ्या घोडीच्या पाठीला आणि माझ्या मांडीला जमलेलं खोगीर तुमच्या काय कामाचं?

मुळात बदलतं काय ते बघा. खोगिराच्या पुढच्या कमानीतली धातूची प्लेट बदलते. विंटेक कंपनीच्या खोगिरांच्या प्लेट्स तुम्ही पाहिल्या असतील, पिवळी सगळ्यात अरुंद, मग हिरवी, काळी, निळी, लाल आणि पांढरी सगळ्यात रुंद. खोगीर उलटं करायचं, स्क्रू काढायचे, प्लेट बदलायची, झालं. पॅनलमध्ये, म्हणजे घोड्याच्या पाठीवर टेकणाऱ्या गाद्यांमध्ये, लोकर असेल तर कमीजास्त करता येते, शिम, म्हणजे पातळ पट्ट्या, घालता येतात, गुडघ्याला आधार देणारे ब्लॉक वेल्क्रोवर असतील तर सरकतात. आणि बदलत काय नाही? ट्रीचा, म्हणजे खोगिराच्या आतल्या सांगाड्याचा, बाक बदलत नाही, त्याची लांबी बदलत नाही, दोन पॅनलच्या मधलं चॅनल बदलत नाही. सीटचं माप बदलत नाही, कंबर, म्हणजे मांड्यांच्या मध्ये येणारा भाग, किती रुंद ते बदलत नाही, फ्लॅप, म्हणजे मांडीखाली येणारी बाजूची झडप, किती पुढे कापलाय ते बदलत नाही आणि बहुतेक खोगिरांत रिकीब जिथे अडकते तो बारही जागचा हलत नाही. म्हणजे घोड्याच्या बाजूचं थोडंफार बदलतं, स्वाराच्या बाजूचं जवळजवळ काहीच नाही. हे दुकानात कुणी सांगत नाही आणि तुम्हीही विचारत नाही, तुम्ही विचारता "किती प्लेट्स येतात?"

आता यावर मला लगेच कोण काय म्हणणार ते माहितीये. "ताई, तुम्हीच तर सांगायचात, घोड्याचं आधी बघा, आपण काय, सहन करू." हो, सांगायचे. कित्येक वर्षं नव्या मुलांना पोटतिडकीने हेच सांगितलंय आणि ते मनापासून होतं. पण ते अर्धंच होतं हे मला हरणीमुळे कळलं, आणि हरणीचं नेमकं काय झालं हे मी आजवर नीट कुणाला सांगितलेलं नाही.

हरणी माझी मारवाडी घोडी, कुमैत रंगाची, विदर्स, म्हणजे खांद्यांवरचा उंचवटा, उंच, छाती अरुंद. यात्रेतून आणली तेव्हा अंगाने कमीच होती आणि कानपूरचं साधं फिक्स ट्रीचं खोगीर तिला व्यवस्थित बसत होतं. पॅडशिवाय ठेवून विदर्सवर तीन बोटं जागा, खांदा मोकळा, मागे शेवटच्या बरगडीच्या अलीकडे. उन्हाळाभर तिने चांगलं काम केलं, पाठ भरली, खांद्यामागे मांस आलं आणि तेच खोगीर आवळायला लागलं. एका सकाळी खोगीर उतरवलं तर सगळी पाठ घामाने निथळतेय आणि खांद्यांच्या मागे दोन्ही बाजूंना तळहाताएवढे दोन कोरडे खडखडीत ठिपके. तिथे इतका दाब की घामसुद्धा सुटत नव्हता. पुढे कोट बदलला तेव्हा त्याच जागी पांढरे केस आले, ते आजही आहेत. यात कानपूरच्या कारागिराचा काही दोष नाही, ट्री फिक्स होता आणि घोडी बदलत होती. इंग्लंडमध्ये लाइन ग्रेव्ह आणि स्यू डायसन यांनी खेळाच्या घोड्यांच्या पाठी वर्षभर परत परत मोजल्या, त्यांना हेच दिसलं की काम, वजन, ऋतू याप्रमाणे पाठीचा आकार बदलत राहतो आणि खोगीर वर्षातून बऱ्याचदा तपासावं लागतं. म्हणून मी ॲडजस्टेबल घेतलं, कानपूरच्या कितीतरी पट पैसे घालून, आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. गेज लावून माप घेतलं, प्लेट बसवली, दोन-तीन आठवड्यांत हरणी मान लांब करून चालायला लागली.

मी मात्र त्या खोगिरात कधीच नीट बसले नाही. खोगिराची कंबर रुंद होती, उतरल्यावर खुबे दुखायचे, घरी जिना चढताना कळ यायची. पण "आपण सहन करू" हे माझंच वाक्य होतं आणि घोडी खूश होती, मग मी कशाला बोलू.

नंतर कधीतरी हरणी खरारा करताना मागच्या बाजूला अंग चोरायला लागली. डाव्या हाताचा कँटर, म्हणजे डावीकडे वळत हलकी दौड, टाळायला लागली. आमचे रायडिंगचे सर म्हणाले, "घोडी आहे, नखरे करते." मग एक दिवस रिंगणात मी कँटर मागितला आणि ती थांबली. उधळली नाही, उडवलं नाही, नुसती थांबली, पाठ खाली सोडली आणि कण्हली. घोडा कण्हतो तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको. मी तिथेच उतरले आणि तंग रिंगणातच सोडला.

संध्याकाळी डॉक्टर आले. त्यांनी दोन बोटं विदर्सपासून मागे दोन्ही बाजूंनी सावकाश दाबत नेली. पुढे काही नाही, मध्ये काही नाही, आणि पॅनलची मागची टोकं जिथे टेकतात तिथे बोट लागल्याबरोबर हरणीची पाठ खचली, पोट खाली गेलं, मागचा पाय उचलला गेला. परत दाबलं, परत तेच. पाय आधी तपासले, कारण मागच्या पायात लंगड असली तरी घोडा असाच वागतो आणि खोगीरही एका बाजूला सरकतं, पण पाय साफ होते. मग तबेल्यातले सगळे खोगिराच्या मागे लागले. एक म्हणतो प्लेट रुंद टाका, दुसरा म्हणतो अरुंद टाका, तिसरा म्हणतो मागे शिम घाला, चौथ्याने मेंढीच्या कातड्याचा जाड पॅड आणून दिला. आम्ही पूर्ण विश्रांतीनंतर एकेक करून बघत होतो आणि दर वेळी पाचेक दिवसांत पाठ परत तिथेच दुखायची. त्या आठवड्यांत मला रात्री झोप लागायची नाही, कारण एवढे पैसे ज्या पाठीसाठी घातले तीच पाठ दुखत होती.

शेवटी एक निवृत्त दफेदार आले, साताऱ्याकडचे, सैन्यात घोड्यांवर आयुष्य गेलेलं. मी त्यांना पाठ दाखवायला लागले तर म्हणाले, "घोडी राहू द्या मॅडम. तुम्ही वर बसा आणि पाय सोडा." बसले. त्यांनी घोडीकडे बघितलंच नाही, माझा गुडघा बघितला. माझी मांडी लांब आहे, गुडघा फ्लॅपच्या पुढच्या कडेबाहेर चालला होता, रिकिबीचा बार पाय पुढे ओढत होता आणि पाय पुढे गेला की बूड आपोआप मागे जातं. त्यांनी माझ्या मागे तळहात आडवा ठेवायचा प्रयत्न केला, सीटच्या मागच्या कडेपर्यंत साधारण एक तळहात रुंद जागा राहायला हवी, तिथे दोन बोटंही मावेनात. वर खुबे दुखतात म्हणून मी नकळत ओटीपोट मागे पाडून बसायचे. माझं सगळं वजन खोगिराच्या मागच्या टोकांवर, म्हणजे बरोबर जिथे डॉक्टरांचं बोट लागल्यावर ती खचली तिथे. आणि प्लेट बदलून हे कसं जाणार? अरुंद प्लेट टाकली की पुढचा भाग उचलतो आणि मी आणखी मागे ढकलली जाते, रुंद टाकली की पुढचा भाग विदर्सवर बसतो. आम्ही सगळे घोडीच्या बाजूचे स्क्रू फिरवत होतो आणि बिघाड माझ्या बाजूला होता, जिथे फिरवायला स्क्रूच नाही.

यात मला दोषी धरू नका, खुबा दुखतो म्हणजे घोडीची पाठ दुखणार असं मला कुणी शिकवलं नव्हतं. मी जे सहन करत होते ते मी सहन करतच नव्हते, ते खाली हरणीकडे जात होतं.

म्हणून आता मी उलट क्रमाने सांगते आणि लोकांना ते स्वार्थी वाटतं. जे बदलता येत नाही ते आधी. घोड्याची पाठ बाजूने बघा, सपाट आहे की खोल, आणि तसाच बाक असलेले ट्री निवडा. थोरोगुडसारख्या खोगीर कंपन्या उंच विदर्सच्या घोड्यासाठी एक आणि आडव्या अंगाच्या कॉब प्रकारच्या घोड्यासाठी वेगळं मॉडेल काढतात ते उगाच नाही, दोन्हींत प्लेट बदलते तरीसुद्धा. त्या ट्रीमध्ये मग तुमची मांडी आणि तुमचा खुबा बघा, स्टँडवर ठेवलेल्या खोगिरात चांगली वीस मिनिटं बसा, रिकिबी लावून बसा. सीट १७ इंची की साडेसतरा हे वजनावरून ठरवू नका, मांडीच्या लांबीवरून ठरवा. हे सगळं जमलं की मग पॅड न घालता, तंग न कसता घोड्यावर ठेवा आणि प्लेटचा विचार सगळ्यात शेवटी करा. मी दुसरं खोगीर असंच घेतलं, फ्लॅप पुढे कापलेला, कंबर अरुंद, आणि हरणीची पाठ हळूहळू बरी झाली.

पण जुनी मी अजून गप्प बसत नाही. ती म्हणते, घोड्याने तुला बोलावलं नव्हतं, तुझी मांडी लांब असेल तर तो तुझा प्रश्न, तू उतर. याला माझ्याकडे उत्तर नाही. आणि क्लबातले लोक विचारतात, एका खोगिरात दिवसभर वेगवेगळी मुलं बसतात, मग कुणाची मांडी मोजायची? त्यालाही नाही. रेसकोर्सवरून आलेला थरोब्रेड आणि काठियावाडी दोघांना एकच खोगीर, फक्त प्लेट बदलून, असं करणारे लोक आहेत. प्लेट बदलायला वेळ फारसा लागत नाही, मान्य, पण दोघांच्या पाठीचा बाक एक नसेल तर मध्ये फट राहते आणि पुढच्या-मागच्या टोकांवर भार येतो, त्यावर पॅडवर पॅड घालून भागत नाही. एवढं मात्र मी ठाम सांगते.

सध्या माझी मुलगी हरणीवर बसायला लागलीये. तिची मांडी आखूड, माझ्या खोगिरात ती सरकून पुढे येते आणि पाय मागे जातो. तिच्यासाठी वेगळं घ्यायला पैसे नाहीत, आणि घोडीवर बसू नको म्हणायलाही जीव होत नाही. ती फक्त चाल आणि थोडा ट्रॉट करते, उतरली की मी दोन्ही बाजूंनी बोटं दाबत मागेपर्यंत जाते. आजवर हरणीने अंग चोरलेलं नाही. चोरलं तर मुलीला उतरावं लागेल हे तिला आधीच सांगून ठेवलंय, आणि त्यावरून आमच्या घरात दर रविवारी वाद होतो.