दाराशी काढलेले बूट

आईची इंग्रजी मालिकांबद्दल एकच तक्रार आहे. खून झाला तर चालतो, घटस्फोट झाला तर चालतो, पण माणसं बुटांसकट पलंगावर चढतात ते तिला बघवत नाही. नायिका हंबरडा फोडून रडत असते आणि आमच्या सोफ्यावरून आवाज येतो, "अगं, आधी ते बूट काढ! चादर कोण धुणार?" की गेला मूड.

त्यामुळे एका पावसाळ्यात मी चेक सिनेमे आणि मालिका बघायचा सपाटा लावला, तेव्हा आई टिकेल असं मला वाटलं नव्हतं. पण पहिल्याच संध्याकाळी पडद्यावरचा माणूस घरात शिरला, चिंचोळ्या पॅसेजमध्ये वाकून त्यानं बूट काढले, घरातल्या सपातांत पाय घातले आणि मगच बायकोशी भांडायला आत गेला. आई सावरून बसली. "हे बघू," म्हणाली.

चेक घरात बूट दाराशीच काढतात. पाहुण्यांसाठी जास्तीच्या सपाता ठेवलेल्या असतात, शाळेतही मुलं आत गेल्यावर पायातलं बदलतात. आणि ज्या 'बाटा'ला आपण कित्येक वर्षं देशी कंपनी समजत होतो, जिच्या काळ्या बुटांशिवाय आमचा जून उजाडायचा नाही, ती याच देशातल्या झ्लीन गावची. तोमाश बात्यानं 1894 साली भावंडांबरोबर सुरू केलेली. पुढे या कंपनीनं जाहिरातींसाठी झ्लीनमध्ये फिल्म स्टुडिओही काढला. म्हणजे बूट आणि सिनेमा एकाच घरचे. हे सांगितल्यावर आईला त्या देशाबद्दल जरा जास्तच आपुलकी वाटू लागली.

अडचण सबटायटलची होती. इंग्रजी अक्षरं पळायला लागली की आई चष्मा पुसत बसते. मग मी शेजारी बसून मराठीत धावतं समालोचन करायचं, असं ठरलं. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. 'पेलीश्की' नावाचा यान हर्झेबेकचा 1999 सालचा सिनेमा आहे. 1967च्या नाताळात सुरू होतो आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत येतो. त्यातला क्राउस नावाचा कम्युनिस्टद्वेष्टा म्हातारा बाल्कनीत उभा राहून ओरडतो, "जगातल्या कामगारांनो..." आणि पुढचं वाक्य आईसमोर उच्चारण्यासारखं नाही. मी गप्प.

"पुढे काय म्हणाला?"

"एक व्हा म्हणाला."

"मग बायको एवढी का दचकली?"

'पेलीश्की' म्हणजे जनावराची ऊबदार बिळं, गुहा. सिनेमात अशी बिळं दोन, म्हणजे एकाच घरात राहणारी दोन कुटुंबं. क्राउस युद्धात नाझींविरुद्ध लढलेला, तर शेबेक सैन्यातला अधिकारी आणि पक्षाचा निष्ठावान. आता सांगा, 1968 सालच्या, म्हणजे सोव्हिएत फौजा देशात घुसल्या त्या वर्षीच्या प्रागवर सिनेमा काढायचा म्हटलं तर कुणीही पहिल्या दहा मिनिटांत रणगाडे आणील. हा माणूस आणतो प्लास्टिकचे चमचे. शेबेकनं ते पूर्व जर्मनीहून आलेले, समाजवादी विज्ञानाचा चमत्कार म्हणून घरात आणलेत. गरम पेयात चमचा घालून ढवळायला जावं, तर चमचा मऊ पडतो, वाकतो, त्याचा आकारच जातो. शेबेक त्या चमच्याकडे बघत राहतो आणि जर्मन कॉम्रेडांचं नेमकं चुकलं कुठे, असा प्रश्न मनापासून विचारतो. चेक माणसं आजही एखादी गोष्ट फसली की हेच वाक्य टाकतात म्हणे.

आम्ही हसलो. पण त्या अभिनेत्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं तर हसू अर्ध्यावर थांबतं. सगळा हिशेब ज्याच्यावर मांडला होता तेच हातात वितळलंय, आणि बायकोपोरांसमोर ते कबूल करायची सोय नाही. ऑगस्टमध्ये खरोखरच सोव्हिएत रणगाडे येतात, तेव्हा त्याचं काय होणार हे चमच्यानं आधीच सांगून टाकलेलं असतं. आमच्याकडे नानाकाकांनी अशीच एक न चिकटणारी कढई आणली होती. तिला सगळंच चिकटायचं. ते गेले तरी ती कढई कुणी टाकलेली नाही.

याच सिनेमात जेवणाच्या टेबलावर एक महायुद्ध होतं. विषय असा की ताटात वाढलंय ते 'नोक' की 'क्नेडलीचेक'. दोन्ही कणकेचे उकडलेले गोळे. आपल्याला फरक कळणार नाही, जसा चेक माणसाला फुलका आणि पोळीतला कळणार नाही. पण क्राउसच्या दृष्टीनं या दोन गोष्टींत गल्लत करणारा माणूस संस्कृतीच बुडवायला निघालाय. तो चिडतो, आवाज चढतो, मुलं ताटात बघत बसतात. या क्राउसची पहिली बायको मध्येच वारलेली, राजकारणात आयुष्य गोठलेलं, मुलगी हाताबाहेर चाललेली. यातल्या कशावरही तो धड बोलत नाही. बोलतो ते कणकेच्या गोळ्यावर.

आई म्हणाली, "मोठ्या गोष्टीवर भांडता येत नसलं की माणूस आमटीवर भांडतो. तुझे आजोबा."

एवढंच. पुढे काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

नंतर माझ्या लक्षात यायला लागलं की त्या लोकांची ही जुनी खोड आहे. दुःख असं उघड्यावर आणायचं नाही, कुठल्या तरी घरगुती वस्तूच्या आडून आणायचं. 'कोल्या' बघा. दिग्दर्शक यान स्व्येराक, कथेतला नायक आणि पटकथाकार त्याचे वडील ज्देन्येक. बापानं लिहायचं, बापानंच काम करायचं आणि मुलानं त्याला 'कट, पुन्हा एकदा' म्हणायचं. कुठल्याही मराठी घरात हा प्रयोग पहिल्या दिवशीच बंद पडला असता. इथे त्याला 1997 साली सर्वोत्तम परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. लौका नावाचा प्रौढ चेलोवादक, सरकारी मर्जीतून उतरलेला, त्यामुळे मोठ्या वाद्यवृंदातून बाहेर पडून स्मशानात अंत्यविधीला वाजवतो. जोडधंदा म्हणून थडग्यांवरची अक्षरं सोनेरी रंगानं उजळून देतो. पैशांसाठी तो एका रशियन बाईशी कागदोपत्री लग्न करतो. ती पश्चिम जर्मनीला पळते आणि तिचा पाचेक वर्षांचा मुलगा याच्या गळ्यात पडतो. याला रशियन धड येत नाही, त्याला चेक येत नाही.

त्यात झेंड्याची एक गंमत आहे. पोरगा म्हणतो, आमचा झेंडा 'क्रास्नी'. रशियनमध्ये क्रास्नी म्हणजे लाल. चेकमध्ये तोच शब्द म्हणजे सुंदर. सोव्हिएत झेंड्याला कुणी आपल्या घरात सुंदर म्हणावं, हे लौकाला कसं सोसणार? बिचारं पोर नुसता रंग सांगत होतं.

आणि मग तो न्हाणीघरातला प्रसंग. पोरगा टबात बसलाय. हातातला शॉवर त्यानं टेलिफोनसारखा कानाशी धरलाय आणि तो आजीशी बोलतोय, रशियनमध्ये, मला घेऊन जा म्हणून. आजी या जगात नाही. लौका बाहेरून ऐकतो. कॅमेरा काही विशेष करत नाही, संगीत धावून येत नाही. इथे माझं समालोचन बंद पडलं होतं. आईला रशियनही येत नाही आणि सबटायटलही वाचता येत नाही, पण तिनं मला "काय म्हणाला?" असं विचारलं नाही.

बाप-लेकाच्या जोडीचा 2007चा सिनेमा 'व्रात्ने लाहवे' म्हणजे परत करायच्या रिकाम्या बाटल्या. तो मात्र आईनं दोनदा बघितला. कारण त्यातले त्कालौन सर पासष्टीचे, भाषा-साहित्य शिकवणारे. आईनं बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. वर्गात एक पोरगा उर्मटपणा करतो, त्कालौन ओला स्पंज उचलतात आणि त्याच्या डोक्यावर पिळतात. आई टाळ्या वाजवत सुटली. "आम्ही नुसते खडू फेकत राहिलो गं!" सर नोकरी सोडतात. घरी बसून बायकोच्या पायात पायात येणं काही जमत नाही, म्हणून एका सुपरमार्केटात रिकाम्या बाटल्या परत घ्यायच्या खिडकीत कामाला लागतात. तिकडे बियरच्या बाटलीवर अनामत असते, बाटली परत केली की ती हातात. त्या चौकोनी खिडकीतून सरांना फक्त हात, बाटल्या आणि अर्धे चेहरे दिसतात, आणि त्यावरून ते माणसांच्या भानगडी ओळखतात, जोड्या जुळवतात. स्वतःच्या घरात मात्र बायको काय म्हणतेय ते चाळीस वर्षांनीही ऐकू येत नाही. शेवटी खिडकीच्या जागी यंत्र येतं.

जेमतेम एक कोटी वस्तीच्या देशात दहा लाखांहून जास्त लोकांनी हा सिनेमा थिएटरात जाऊन पाहिला. निवृत्त मास्तर आणि त्याची कंटाळलेली बायको, एवढ्या भांडवलावर! आमच्याकडे निवृत्त माणसाला नायक केलं तर त्याच्या मागे परदेशात गेलेला कृतघ्न मुलगा लावून द्यावाच लागतो. त्याशिवाय डोळ्यांना पदर लागत नाही. त्कालौन सरांना कुणी छळत नाही. ते स्वतःच जरा छळवादी आहेत.

सगळंच असं हसतखेळत नव्हतं. 'उखो' म्हणजे कान. कारेल काखिन्याचा हा सिनेमा 1970 साली तयार झाला आणि लगेच कुलुपात गेला, तो कम्युनिस्ट राजवट संपल्यावर 1990 साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात पोचला. कानाला कान भेटला, असा विनोद मी करून बघितला, चालला नाही. एका उपमंत्र्याचं जोडपं रात्री सरकारी मेजवानीहून घरी येतं. किल्ल्या नाहीत, वीज गेलेली, आणि घरात कुणीतरी येऊन गेल्याचा वास. रात्रभर दोघं भांडतात, नवरा कागद जाळतो. चोरून ऐकणारी यंत्रं कुठे बसवलीयत आणि कुठे नाहीत याचा अंदाज घेत घेत संसाराची सगळी धुणी धुतली जातात. पडद्यावरचे नवरा-बायको खऱ्या आयुष्यातलंही जोडपं होतं, त्यामुळे काही टोमणे फार नेमके बसतात. मध्यरात्री पिऊन तर्र झालेले 'कॉम्रेड' घरात घुसतात. त्यांना बूट काढा म्हणून कोण सांगणार?

'जळतं झुडूप' ही आग्नियेश्का होलांडची 2013ची मालिका आम्ही तुकड्यातुकड्यांनी बघितली. यान पालाख या विद्यार्थ्यानं रशियन आक्रमणानंतरच्या मरगळीविरुद्ध 16 जानेवारी 1969 रोजी प्रागच्या मुख्य चौकात स्वतःला पेटवून घेतलं, तीन दिवसांनी तो गेला. मालिका त्याच्याबद्दल फार बोलत नाही, मागे राहिलेल्या आईबद्दल बोलते. मुलानं काय केलं हे तिला आगगाडीत वर्तमानपत्रातून कळतं. पुढे एक खासदार मुलाची बदनामी करतो, तेव्हा ही साधी बाई दाग्मार बुरेशोवा या वकिलीणबाईंना गाठून त्याला कोर्टात खेचते. आगगाडीचा प्रसंग झाला आणि आई उठून स्वयंपाकघरात गेली. दूध तापवायला ठेवलंय म्हणाली. दूध सकाळीच तापवलं होतं.

टीव्हीवरच्या जुन्या मालिकांकडे मी धावत्या नजरेनंच बघितलं. यारोस्लाव दीत्ल नावाचा लेखक राजवटीच्या मर्जीत राहून कौटुंबिक मालिका लिहायचा. 1977च्या 'काउंटरमागची बाई'त घटस्फोटित आन्ना दोन मुलांसह सुपरमार्केटात नोकरी करते, बारा भागांत वर्षाचे बारा महिने. फळ्या हॅमनं आणि चीजनं ओसंडून वाहतात. प्रेक्षकांना आपल्या दुकानात काय मिळतं हे ठाऊक होतं, तरी ते बघत होते. बाईच्या संसाराचं पुढे काय होतं, ही उत्सुकता हॅमपेक्षा मोठी. दीत्लच्याच इस्पितळावरच्या मालिकेतला एक खडूस डॉक्टर नर्सला म्हणतो, मूर्खपणानं हलकं होऊन तरंगता आलं असतं तर तुम्ही इथे कबुतरासारख्या विहरत असता. हे वाक्य आईनं वहीत उतरवून घेतलं. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगची मला धास्ती आहे.

शेवटी लावला 'बाबा ज लेदु', बोहदान स्लामाचा 2017चा. बर्फातली म्हातारी. नावावरच गाडी अडली. "बाई आहे ना ती? मग बाबा काय?" चेकमध्ये बाबा म्हणजे म्हातारी, हे पटवेपर्यंत दहा मिनिटं गेली. हाना नावाची विधवा बाई दर रविवारी दोन्ही मुलांच्या कुटुंबांना जेवायला बोलावते. सकाळपासून राबते. मुलं येतात, खातात, एकमेकांना टोचतात. कौतुक तोंडदेखलं, आणि तिच्याकडे बघत कुणीच नाही. मग नदीकाठी तिला गोठलेल्या पाण्यात पोहणारी म्हाताऱ्यांची एक टोळी भेटते आणि ही बाईसुद्धा कपडे उतरवून त्या बर्फगार पाण्यात शिरते. मुलांना आईच्या तब्येतीपेक्षा घराची काळजी जास्त वाटायला लागते.

आई शेवटपर्यंत गप्प बसून होती. मग म्हणाली, "पाणी फार गार असेल, नाही?"

परवाच्या रविवारी दादा-वहिनी आणि मुलं जेवायला आली. आईनं अळूवड्या केल्या होत्या, भरली वांगी, चिंच-गुळाची आमटी, लहान्यासाठी गोडाचा शिरा. दादाच्या नोकरीचं गेले दोन महिने काही ठीक नाही, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. त्यानं अळूवडीचा तुकडा मोडला, चावला, आणि ताटाकडे बघत म्हणाला, "आई, ही कोथिंबीरवडीसारखी लागतेय. अळूवडी अशी नसते."

वहिनीनं डोळे मोठे केले. मुलं ताटात बघायला लागली. आईनं हातातला डाव आमटीच्या पातेल्यात ठेवला, माझ्याकडे वळली आणि अगदी गंभीरपणे विचारलं,

"नोक, की क्नेडलीचेक?"

मला ठसका लागला. दादा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. आईनं त्याच्या ताटात आणखी दोन वड्या वाढल्या.