तुम्ही विचारलंत म्हणून : डेबोरा मेलमनच का?

मी बऱ्याच वर्षांपासून ब्रिस्बेनमध्ये राहते. महाराष्ट्रातून कोणी पाहुणे आले, किंवा दूरध्वनीवर बोलता बोलता चित्रपटांचा विषय निघाला, की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : "ऑस्ट्रेलियाच्या अभिनेत्री म्हटल्या की आम्हाला निकोल किडमन आणि केट ब्लँचेट आठवतात. तुम्ही मात्र दर वेळी डेबोरा मेलमन यांचे नाव घेता. ते का?" अशा वेळी मी दोन-तीन चित्रपटांची नावे सांगते आणि सांगायचे होते ते राहूनच गेले, अशी रुखरुख मागे उरते. म्हणून आज सविस्तर उत्तर लिहीत आहे.

मेलमन यांचा जन्म १९७२ मधला, माउंट आयझा या गावचा. क्वीन्सलँडच्या वायव्य टोकाकडे, ब्रिस्बेनपासून रस्त्याने सुमारे १,८०० किलोमीटर दूर असलेले हे गाव तांबे, शिसे आणि जस्त यांच्या खाणींसाठी ओळखले जाते, आणि तितकेच दर वर्षी तेथे भरणाऱ्या रोडिओसाठी, म्हणजे उधळलेल्या घोड्याच्या किंवा बैलाच्या पाठीवर टिकून राहण्याच्या खेळांसाठी. वडील बिजारा या मूळनिवासी समाजातले आणि स्वतः रोडिओचे नावाजलेले स्वार, तर आई न्यूझीलंडच्या माओरी या मूळनिवासी समाजातली. रोडिओच्या मैदानाची देखभाल वडिलांकडे असल्यामुळे कुटुंबाचे घरही मैदानातच होते. मेलमन यांच्या जन्माच्या अवघी पाच वर्षे आधी, १९६७ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी कौल दिला, तेव्हा कुठे देशाच्या लोकसंख्येत मूळनिवासींना न मोजण्याची राज्यघटनेतली तरतूद रद्द झाली. मोजणीत येणे आणि पडद्यावर दिसणे यांत बरेच अंतर असते. ते अंतर कसे कापले गेले, हे मला मेलमन यांच्या कामांतून समजत गेले.

ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीत अभिनयाचे शिक्षण १९९२ मध्ये पूर्ण केल्यावर त्या रंगभूमीकडे वळल्या. १९९५ मध्ये वेस्ली इनॉक यांच्यासोबत त्यांनी 'द सेव्हन स्टेजेस ऑफ ग्रीव्हिंग' हे एकपात्री नाटक लिहिले आणि त्यातली एकमेव भूमिकाही स्वतःच केली. मंचावर बर्फाची मोठी लादी दोरांनी टांगलेली असते, आणि तिच्यातून ठिबकणारे पाणी खाली लाल मातीच्या ताज्या ढिगाऱ्यावर पडत राहते. घरातले माणूस गेले की त्याचे छायाचित्र भिंतीवरून उतरवून एका सुटकेसमध्ये ठेवायचे, अशी रीत नाटकातली बाई आपल्याला सांगते. एकपात्री प्रयोगांची आवड असलेल्या आपल्या प्रेक्षकाला हे नाटक ओळखीचे वाटेल. मात्र येथे एकटी बाई निरनिराळ्या माणसांच्या नकला करून दाखवत नाही, ती एका समाजाचे सुतक पाळत असते. तेव्हा मेलमन यांचे वय जेमतेम तेवीस होते, हे मला अजूनही विलक्षण वाटते.

त्यानंतर १९९८ मध्ये रेचल पर्किन्स यांनी दिग्दर्शित केलेला 'रेडियन्स' आला. आईच्या अंत्यविधीसाठी तीन बहिणी क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावरील जुन्या घरी एकत्र येतात, आणि इतकी वर्षे कोणी उच्चारले नव्हते ते बोलले जाते. सर्वांत धाकटी नोना मेलमन यांनी केली आहे. अल्लड, बडबडी, आपल्या बापाविषयी रम्य कल्पना करण्यात रमलेली ही मुलगी शेवटाकडे ज्या सत्यापाशी पोहोचते, ते मी येथे सांगणार नाही, कारण तो चित्रपट पाहण्याचा तुमचा अनुभव मला हिरावून घ्यायचा नाही. मात्र ते सत्य कानावर पडते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू लगेच मावळत नाही. आपण आता हसायचे नाही, हे त्या चेहऱ्याला अजून उमगलेले नसते. या भूमिकेसाठी त्यांना ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचा प्रमुख भूमिकेतील सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या मूळनिवासी अभिनेत्री ठरल्या.

माझ्या उत्तराचा खरा गाभा मात्र त्यानंतरच्या एका दूरचित्रवाणी मालिकेत आहे. २००१ मध्ये 'द सीक्रेट लाइफ ऑफ अस' ही मालिका सुरू झाली. मेलबर्नच्या सेंट किल्डा भागातल्या एका इमारतीत राहणाऱ्या विशी-तिशीतल्या तरुण-तरुणींची ही गोष्ट. त्यातली केली लुइस ही मेलमन यांची भूमिका. केली नोकरी शोधते, चुकीच्या माणसाच्या प्रेमात पडते, घरातल्या सोबत्यांची भांडणे मिटवते, स्वतःवरचा विश्वास गमावते आणि पुन्हा मिळवते. ती मूळनिवासी आहे हे कथेला ठाऊक असते आणि कथा ते लपवतही नाही, पण तेवढ्याच कारणासाठी तिला तेथे आणलेले नसते. मूळनिवासी पात्र म्हणजे अन्यायाचा बळी, गुन्हेगार किंवा गूढ ज्ञानी पुरुष, अशा ठराविक साच्यांची सवय लागलेल्या प्रेक्षकांसमोर दर आठवड्याला अशी एक मुलगी येत राहिली. भाडे वेळेवर भरले जाईल का, ही तिची मोठी काळजी असे. २००२ मध्ये त्यांना या कामासाठी लोगी हा तेथील दूरचित्रवाणीचा मानाचा पुरस्कार मिळाला. 'प्ले स्कूल' हा १९६६ पासून चालत आलेला लहान मुलांचा कार्यक्रमही त्यांनी सादर केला आहे. शाळेत जाण्याआधीच्या वयात ज्या मुलांनी त्यांना गाताना आणि गोष्टी सांगताना पाहिले, त्यांना केली पाहून नवल वाटले नसणार, आणि मला हे फार मोलाचे वाटते.

कोणी म्हणेल, मग साध्या भूमिकाच श्रेष्ठ म्हणायच्या का? तसे मला म्हणायचे नाही, कारण मेलमन यांनी इतिहासाकडे पाठ फिरवलेली नाही. २००२ च्या 'रॅबिट-प्रूफ फेन्स' मध्ये त्यांना मोजकीच मिनिटे आहेत. १९३१ मध्ये, आईपासून तोडून सरकारी छावणीत ठेवलेल्या आणि तिथून पळून सशांना अडवणाऱ्या लांबच लांब कुंपणाच्या कडेकडेने घराकडे निघालेल्या मूळनिवासी मुलींना एका गोऱ्या कुटुंबाकडे राबणारी मॅव्हिस आसरा देते. तिचीही पाठवणी त्याच छावणीतून झालेली आहे. मुलींनी रात्रभर आपल्यापाशी थांबावे, अशी विनवणी ती करते, आणि त्या विनवणीचे कारण ती पूर्ण वाक्यात सांगत नाही, तरीही रात्री दार उघडते तेव्हा आपल्याला ते आधीच कळलेले असते. लहान भूमिकेत किती मोठे आयुष्य मावू शकते, हे पाहण्यासाठी मी तो प्रसंग पुन्हा पुन्हा पाहिला आहे.

२०१२ हे वर्ष त्यांच्यासाठी भरगच्च होते. 'द सफायर्स' मध्ये त्या गेल झाल्या. १९६८ मध्ये व्हिएतनाममधल्या सैनिकांसमोर गाणाऱ्या चार मूळनिवासी तरुणींपैकी ही सर्वांत मोठी आणि सर्वांत करारी. गोऱ्यांत खपून जाईल असा वर्ण असल्यामुळे लहानपणी सरकारने उचलून नेलेली आपली चुलत बहीण परत येते, तेव्हा गेलच्या रागाखाली दडलेला अपराधभाव त्यांनी ज्या संयमाने दाखवला, तो गाण्यांच्या झगमगाटात कित्येकांच्या नजरेतून सुटतो. त्याच वर्षी 'माबो' या दूरचित्रपटात त्यांनी एडी माबो यांच्या पत्नी बोनिटा यांची भूमिका केली. ही भूमी कोणाचीच नव्हती, या वसाहतकालीन कल्पनेविरुद्ध एडी माबो यांनी दहा वर्षे न्यायालयीन लढा दिला. ३ जून १९९२ रोजी निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण त्याच्या पाच महिने आधीच ते वारले होते. चित्रपटाला या लढ्याइतकाच घरात एकट्याने मुले वाढवणाऱ्या बाईचा चेहरा महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे बरेचसे श्रेय मी मेलमन यांना देते.

केली आणि मॅव्हिस या दोघी मला एकत्र भेटल्या त्या २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'टोटल कंट्रोल' या मालिकेत. विंटन या आडगावात एका बंदूकधाऱ्यासमोर निर्भयपणे उभी राहिलेली अ‍ॅलेक्स अर्व्हिंग रातोरात देशभर ओळखली जाते, आणि पंतप्रधान तिला आपल्या सोयीसाठी सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, आणतात. प्रत्यक्षात नोव्हा पेरिस या २०१३ मध्ये सिनेटमध्ये निवडून गेलेल्या पहिल्या मूळनिवासी स्त्री, आणि कनिष्ठ सभागृहात लिंडा बर्नी यांच्या रूपाने तशी पहिली स्त्री पोहोचायला २०१६ उजाडावे लागले. म्हणजे मालिका आली तेव्हा या गोष्टीला पुरता काळही लोटला नव्हता. अ‍ॅलेक्स थोर वगैरे नाही. ती चिडते, चुकते, आपल्याच मुलाला वेळ देऊ शकत नाही, कधी कधी सूडाने वागते. इतक्या महत्त्वाच्या जागी बसलेल्या मूळनिवासी स्त्रीला असे अपूर्ण राहू देणे ही लेखकांची हिंमत होती, आणि त्या अपूर्णतेवर आपल्याला माया करायला लावणे ही मेलमन यांची. त्याच वर्षी या कामासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा 'आक्टा' हा ऑस्ट्रेलियातला चित्रपट-दूरचित्रवाणीचा पुरस्कार मिळाला. त्यापूर्वी २०१७ मध्ये ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया या सन्मानाने त्यांना गौरवले गेले होते.

आता तुमच्या प्रश्नातल्या दुसऱ्या नावाविषयी. २०२३ च्या 'द न्यू बॉय' मध्ये केट ब्लँचेट आणि डेबोरा मेलमन दोघीही आहेत, १९४० च्या दशकातल्या एका एकाकी ख्रिस्ती मठातल्या जोगिणी (नन) म्हणून. केट ब्लँचेट यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, आणि त्यांनी रंगवलेली जोगीण आतून ढवळून निघालेली आहे. तरी स्वयंपाकघरात मुलांना वाढता वाढता सगळे काही पाहणारी आणि जवळजवळ काहीच न बोलणारी दुसरी जोगीण मला अधिक काळ आठवत राहिली.

पाहुण्यांचा पुढचा प्रश्न असतो, सुरुवात कशापासून करावी. मी सांगते, आधी केलीचे चार-सहा भाग पाहा, आणि तिच्याशी ओळख झाली की एखाद्या संध्याकाळी 'रेडियन्स' लावा, शक्य असेल तर बहिणींसोबत बसून.