उतारावरचा रेझिन ड्राइव्ह-वे: बावधनच्या घराचा माझा अनुभव

बावधनमधलं आमचं घर रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. फाटकातून आत आलं की जमीन पोर्चपर्यंत १.७ मीटर उतरते, आणि फाटक ते पोर्च हे सरळ अंतर जेमतेम १४ मीटर. म्हणजे उतार साधारण १:८, दर आठ मीटरला एक मीटर खाली. पुण्यात १:५ पेक्षा तीव्र डोंगरउतारावर बांधकामाला बंदी आहे, पण त्याच्या अलीकडच्या उतारांवर बावधन, सूस, पाषाण, कोंढवा, कात्रज, सगळीकडे वस्ती झाली आहे. गाडी सुखरूप कशी उतरवायची आणि पाणी घरात शिरण्यापासून कसं अडवायचं, हा प्रश्न तिथल्या बऱ्याच घरांना आहे.

या उतारावरचा, म्हणजे आमच्या ड्राइव्ह-वेचा, जुना कोबा पार उखडला होता. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरायचं आणि सासरे, आमचे बाबा, चार महिने कंपाउंडची भिंत धरून चालायचे. पेव्हर ब्लॉकचा विचार झाला, पण आमच्याच गल्लीतल्या उतारावरचे ब्लॉक बघितल्यावर तो सोडला. ब्रेकच्या जोराने ते हळूहळू खाली सरकतात, सांधे उघडतात आणि सांध्यांतली कच पावसाबरोबर वाहून जाते. रेझिन, म्हणजे खडीचे दाणे एकमेकांना चिकटवून धरणारं द्रव रसायन, महाग आहे. आम्हाला आलेले भाव ब्लॉकच्या तिपटीच्या वरच होते. तरी सांधा नसलेला, खरबरीत आणि पाणी साचू न देणारा पृष्ठभाग हवा होता, म्हणून तेच ठरलं.

रेझिनचे दोन प्रकार आहेत आणि ठेकेदार बोलताना दोन्हींची सरमिसळ करतात. रेझिन बॉन्डेडमध्ये आधी रेझिनचा थर पसरतात आणि वरून खडी भुरभुरतात. त्यातून पाणी जिरत नाही आणि सुटी खडी कालांतराने निघते. रेझिन बाउंडमध्ये वाळवलेली बारीक खडी आणि रेझिन मिक्सरमध्ये एकत्र कालवून १५ ते १८ मिलिमीटरचा थर थापीने ओढतात. गोल खडी, प्रत्येक दाण्यावर रेझिनचा पातळ लेप आणि मध्ये पोकळ्या. चुरमुऱ्याच्या लाडवात गुळाच्या पाकाने चुरमुरे धरून ठेवावेत, तसं ते दिसतं. आम्हाला हाच प्रकार हवा होता.

आमचे मिस्त्री मावळातले, आयुष्य गवंडीकामात गेलेले. मी त्यांच्यापुढे रंगांचे नमुने मांडले, तर म्हणाले, "ताई, रंगाचं मागनं बघू. आधी पाणी कुठनं येतंय आन् कुठं जातंय ते दाखवा." मला आता वाटतं, उतारावरच्या कामाची सगळी आखणी या एका वाक्यात आहे. रेझिन हा वरचा जेमतेम पाऊण इंच. तो टिकणार की नाही, हे त्याच्या खालचं काम ठरवतं.

मोजमाप त्यांनी लेव्हल नळीने केलं. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक फाटकाशी धरायचं, दुसरं पोर्चशी, आणि दोन्हीकडचं पाणी स्थिर झालं की खुणा करायच्या. नळीत बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून ते खुणेआधी प्रत्येक वेळी नळीला बोटाने टिचक्या मारत शेवटचा बुडबुडा वर येईपर्यंत थांबायचे. लेझरवाल्या ठेकेदाराने नंतर तीच मापं काढली, फरक नगण्य होता.

१:८ वाचायला बरं वाटतं. बेसमेंट पार्किंगच्या रॅम्पलाही आर्किटेक्ट साधारण तेवढाच धरतात. पण सगळी लांबी एकाच उताराची ठेवली तर भरलेल्या गाडीचं पोट फाटकाशी घासण्याची आणि खाली पोर्चशी बंपर टेकण्याची भीती राहते, कारण साध्या हॅचबॅकचा ग्राउंड क्लिअरन्स १६० ते १७० मिलिमीटरच असतो. म्हणून वरचे दोन आणि खालचे दोन मीटर निम्म्या उताराचे ठेवावे लागतात. तसं केलं की सरळ रस्त्यात मधल्या दहा मीटरचा उतार १:७ पर्यंत जातो. रेझिन बाउंडसाठी १:१० च्या आसपासचा उतार सोयीचा. त्यापेक्षा तीव्र उतारावर ओला माल थापीखालून खाली सरकू लागतो, आणि पावसात पाय घसरण्याची भीती वेगळीच.

मग फाटकापासून पोर्चपर्यंतचा आतला रस्ताच लांब केला. फाटक प्लॉटच्या कोपऱ्याकडे नेलं आणि तिथून वळण घेऊन तिरपं पोर्चकडे आलो. लांबी १९ मीटर झाली. दोन्ही टोकांचे दोन-दोन मीटर १:२०, मधले १५ मीटर १:१०. बेरीज बरोबर १.७ मीटर. यासाठी अंगणातली एक बाजू आणि जास्वंदीचा वाफा गेला. मला विचाराल तर उतारावर जागा देऊन लांबी घेणं हाच सगळ्यात चांगला सौदा. एक गोष्ट मात्र आधीच नक्की करावी लागते. फाटकाशी उतार सौम्य करायची ती दोन मीटर जागा आपल्या हद्दीतच बसवायची, फाटकाबाहेर रस्त्यावर रॅम्प काढायचा नाही.

वळणासाठी एका अंगाला जमीन कापावी लागली, म्हणजे छोटी संरक्षक भिंत आलीच. २९ जून २०१९ ला कोंढव्यात मुसळधार पावसानंतर एका सोसायटीची भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण गेले. ती बातमी पुण्यातल्या कोणाच्या डोक्यातून जाणार नाही. आमची भिंत कमरेएवढीच, तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आरेखन करून घेतलं. मागे खडीचा थर आणि भिंतीत ठरावीक अंतरावर पाणी निघायला भोकं ठेवली. भिंतीमागे पाणी तुंबलं की भिजलेल्या मातीच्या जोडीला त्या पाण्याचाही दाब भिंतीवर येतो. ही भोकं म्हणजे खर्च जवळपास शून्य, आणि आमच्याकडे आलेल्या एकाही ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये त्यांचा उल्लेख नव्हता.

आता पाणी. रस्ता साधारण ६० चौरस मीटर भरला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. तासाभरात ५० मिलिमीटर कोसळला तर नुसत्या या रस्त्यावरून तीन हजार लिटर पाणी पोर्चच्या दिशेने येणार, फाटकाबाहेरच्या रस्त्याचं वेगळं. एक ठेकेदार ठामपणे सांगत होता, "मॅडम, हे पाणी पिणारं मटेरियल आहे, गटर कशाला?" त्याचं म्हणणं सपाट जागेवर, पाझरणाऱ्या पायावर खरं ठरलं असतं. उतारावर काँक्रीटचा पाया असेल तर पाणी रेझिनच्या थरात उतरतं, काँक्रीटवर थांबतं आणि खडीतल्या पोकळ्यांमधून आतल्या आत खाली वाहत जातं. वरून रस्ता कोरडा दिसतो आणि पाणी पोर्चच्या कडेला झिरपून बाहेर येतं.

पाझरणारा डांबरी पाया हा रेझिनचा खरा जोडीदार. पण एवढ्या थोड्या मालासाठी हॉट मिक्स प्लँटवाले गाडी पाठवायला तयार होईनात, आणि शिवाय घराच्या पायाच्या दिशेने जमिनीत पाणी मुरवणं इंजिनिअरला पसंत नव्हतं. म्हणून काँक्रीट घेतलं आणि पाण्याची वाट त्याप्रमाणे आखली. फाटकाशी एक आडवं गटर, बिडाच्या जाळीचं, म्हणजे बाहेरच्या रस्त्याचं पाणी आत येण्याआधीच त्यात पडेल. पोर्चच्या आधी दुसरं. दोन्हींच्या मध्ये आतल्या रस्त्याला बागेकडे हलका आडवा ढाळ, म्हणजे सगळं पाणी १९ मीटर वेग घेत खाली येणार नाही. खालच्या गटराच्या वरच्या अंगाच्या भिंतीला मिस्त्रींनी काँक्रीटच्या पातळीत ओळीने भोकं ठेवली, थरातलं पाणी गटरात उतरावं म्हणून. काम संपल्यावर त्यांनी वर चार बादल्या ओतायला लावल्या. पृष्ठभाग लगेच कोरडा पडला, आणि थोड्या वेळाने जाळी उचलून बघितलं तर त्या भोकांतून एकेक धार सुरू झाली होती.

गटरातलं पाणी पाइपने घराच्या बाजूने मागच्या बागेतल्या शोषखड्ड्यात जातं आणि तो भरला की मागच्या गल्लीतल्या पावसाळी वाहिनीत. खड्ड्याची जागा ठरवण्याआधी दोन ठिकाणी खोदून पाणी भरून बघितलं. काळ्या मातीत पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच. मुरूम लागला तिथे डोळ्यांदेखत उतरलं. खड्डा अर्थातच तिथे.

काळी माती पायाखालीही नको होती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचा काँक्रीट तडकवते. खालच्या अंगाला ती सापडली तेवढी सगळी काढून मुरूम भरला, थराथराने पाणी मारून दाबला, वर सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, आणि मग लोखंडी जाळी टाकून एम २५ प्रतीचा १२५ मिलिमीटर काँक्रीट, घट्टसर, खालून वर चढवत नेलेला. काँक्रीटला पाणी धरण्याची आपली नेहमीची पद्धत म्हणजे वाफे करून पाणी साठवणं. उतारावर ते पाणी थांबत नाही. गोणपाटं अंथरून ती सतत ओली ठेवावी लागली, दुपारीसुद्धा. हे काम मजुरांवर सोडलं नाही, बाबांनी स्वतःकडे घेतलं.

काँक्रीट पक्कं व्हायचे २८ दिवस झाल्यावरही घाई केली नाही, कारण पॉलियुरेथेन रेझिनला ओल अजिबात चालत नाही. ओलाव्याशी संयोग होऊन ते फेसाळतं आणि पांढरट पडतं. रात्री काँक्रीटवर प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटवून ठेवायचा, सकाळी खाली दवबिंदू दिसले तर अजून थांबायचं. पुण्यात याला दिवाळीनंतरचे महिने चांगले. हवा कोरडी असते, आणि एप्रिलच्या चाळीस अंशांत रेझिन थापी फिरवायच्या आत आवळायला लागतं, ते होत नाही. आम्ही डिसेंबर निवडला आणि तरी सकाळचं दव वाळेपर्यंत मिक्सर सुरू करू दिला नाही.

रेझिन यूव्ही स्टेबल, उन्हातल्या अतिनील किरणांना टिकणारं, म्हणजे अ‍ॅलिफॅटिकच घ्या. स्वस्त अ‍ॅरोमॅटिक रेझिन उन्हात पिवळं-तपकिरी पडतं. मी दोन्हींच्या नमुन्याच्या लाद्या आदल्या उन्हाळ्यात गच्चीवर ठेवल्या होत्या, अर्ध्या झाकून. अ‍ॅरोमॅटिकच्या झाकलेल्या आणि उघड्या भागात जूनपर्यंत स्पष्ट रेघ पडली. खडी फिकी, गारगोटीच्या रंगाची घेतली, कारण काळी खडी उन्हात तापून अनवाणी पाय ठेवू देत नाही.

टाकण्याच्या दिवशी माझं लक्ष दोनच गोष्टींवर होतं. १०० किलो खडीला साधारण सात किलो रेझिन हे प्रमाण प्रत्येक घाण्याला वजन करून, आणि मिक्सरची वेळ प्रत्येक घाण्याला सारखी. उतारावर रेझिन जास्त झालं तर ते दाण्यांवरून ओघळून खालच्या भागात साचतं आणि नेमकी तिथलीच छिद्रं बुजतात. काँक्रीटमध्ये पाडलेले सांधे रेझिनमध्येही अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बसवून वरपर्यंत आणले. ते झाकून टाकले तर काही महिन्यांत त्याच रेषेत वर भेग दिसते. थर ओला असतानाच वर काचेची बारीक भुकटी हलकेच भुरभुरली, पकड वाढावी म्हणून. उतारावर हे वैकल्पिक मानू नये. दुसऱ्या दिवशी चालायला लागलो, गाडी त्यानंतर एक दिवसाने आणली.

बाबांसाठी कडेने वेगळ्या पायऱ्या आणि लोखंडी कठडा केलाच. रस्ता कितीही खरबरीत असला तरी १:१० वर गुडघ्यांना त्रास होतो.

एक पावसाळा पार पडला. पोर्च कोरडा राहिला. आंब्याच्या सावलीतल्या पट्ट्यात शेवाळाची सुरुवात दिसली, ती कडक झाडूने आणि साध्या पाण्याने गेली. जेट मारायचा झाला तर नळी जवळ धरून मारू नये, दाणे सुटतात. मे संपायच्या आत दोन्ही गटरांच्या जाळ्या उचलून गाळ आणि पानं काढायची, भोकांमधून तार फिरवायची, एवढी देखभाल पुरते. रस्त्याला सुमारे दोन टन खडी लागली. त्याच लॉटची दोन पोती मी मुद्दाम जास्त घेऊन कोरड्या जागी ठेवली आहेत. उद्या पाइपसाठी कुठे खोदावं लागलं तर रेझिन नवीन आणता येईल, पण खडीचा रंग दुसऱ्या लॉटमध्ये हमखास जुळतोच असं नाही.