ग्रीस कुठून बाहेर येतंय?

तोडलेले ओंडके जंगलातून ओढून आणणारी मशीन म्हणजे स्किडर. तिची चाकं तिरकी होत नाहीत, अख्खी मशीनच कंबरेत वळते. पुढची आणि मागची चासी दोन उभ्या पिनांवर जोडलेली असते, एक पिन वर, एक खाली. दुरुस्तीला आलेली ही स्किडर ओझं ओढताना मागून डुलत होती. मालकांनी कारण आधीच ठरवलं होतं: ऑपरेटर ग्रीस मारत नाही. ऑपरेटर माझ्या वडिलांच्या वयाचे. ते एवढंच म्हणाले, "रोज मारतो. सकाळी, मशीन चालू करायच्या आधी."

खाली वाकून टॉर्च मारला तर खालच्या बुशाच्या, म्हणजे पिनेभोवती बसवलेल्या धातूच्या नळीच्या, कडेला ताज्या ग्रीसचं कडं दिसलं. म्हणजे ग्रीस जात होतं. चुंबकाच्या स्टँडवर डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्याने दाखवणारं मापक, लावला आणि बाजूला झालो, कारण दोन चासींच्या मधल्या जागेत माणूस सापडला तर संपलंच. स्टिअरिंग डावी-उजवीकडे करायला सांगितलं. वरच्या सांध्यात काटा जेमतेम हलला. खालच्यात ढिलेपणा 4 मिलिमीटरच्या पुढे.

दोन्ही चासी वेगवेगळ्या ठोकळ्यांवर टेकवल्या, हायड्रॉलिकचं प्रेशर सोडलं, मग पिन काढली. पिन कोरडी होती. निळसर, ओरखडलेली, ग्रीसचा थेंब नाही. बुश काढायला प्रेस लावायची गरजच पडली नाही, तो हाताने फिरत होता. बाहेर काढला तर त्याच्या बाहेरच्या अंगाला ग्रीसच ग्रीस.

तेव्हा सगळं उलगडलं. आधीच्या एका दुरुस्तीत कोणीतरी झिजलेल्या बोअरमध्येच, म्हणजे बुश बसतो त्या चासीतल्या भोकातच, नवा बुश बसवला होता. पकड नव्हती, म्हणून बुश पिनेबरोबर फिरला. त्याला ग्रीसचं एकच भोक, आणि बाहेरून गोल खाच नाही. खाच असती तर बुश फिरला तरी ग्रीस खाचेतून भोकापर्यंत पोहोचलं असतं. इथे निपलसमोर, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडासमोर, आली बुशाची सलग भिंत. ग्रीसने सोपी वाट धरली, बुशाच्या बाहेरून फिरून कडेला आलं. रोज ताजं कडं दिसे, आणि आत पिन कोरडी जळत राही. ग्रीस बाहेर आलं की सांधा भरला, असं मीही वर्षानुवर्षं मानत होतो. ते बुश आणि पिनेच्या मधून येतंय की बुशाच्या बाहेरून, हे पाहायला हवं, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

बोअर मापला. मूळ माप 95 मिलिमीटर. आडवा 95.3, पण पुढे-मागे 98.4, कारण ओझ्याची ओढ त्याच दिशेला. अशा लंबगोल भोकाचा मध्य धरून कापायचा बार लावला की केंद्र पावणेदोन मिलिमीटरपर्यंत सरकतं आणि नवी पिन तिरकी बसते. म्हणून न झिजलेली जागा शोधली. बोअरच्या तळाशी, सीलखाली, बोटभर रुंद पट्टी मूळ मापाची शिल्लक होती. लाइन बोरिंगचा, म्हणजे भोकं एका रेषेत कापायचा, बार वरच्या चांगल्या बोअरमधून आणला आणि त्या पट्टीवर गेज फिरवून पाहिला. काटा स्थिर होईपर्यंत अर्धा दिवस गेला. घाई करावीशी वाटते ती याच टप्प्यावर.

झिजलेला बोअर वेल्डिंगने भरायच्या आधी खालच्या पत्र्यांत साचलेली साल आणि भुसा खरवडून काढला. तेलात भिजलेला भुसा ठिणगीनंतर तासाभरानेही पेट घेऊ शकतो, म्हणून काम संपल्यावरही एकजण पाणी घेऊन बसून राहिला. बॅटरी सोडली, कंट्रोलरचे प्लग काढले, अर्थिंगचा क्लॅम्प त्याच लगवर, म्हणजे बोअर असलेल्या चासीच्या कानावर, लावला. दूर लावला तर करंट वरच्या सांध्यातून जातो आणि चांगला बुशही डागतो. बोअर गरम करून थरावर थर भरला, थंड होऊ दिला, मग हलके कट घेत 95.00 वर आणला.

नवा बुश बाहेरून 95.08. बाहेर गोल खाच, खाचेत भोक. लिक्विड नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांना तो साधारण 0.2 मिलिमीटर आकसला आणि जाड हातमोजे घालून सरळ आत सरकवला. मिनिटाभरात त्याने बोअर असा धरला की फिरवून बघायचा प्रश्नच उरला नाही.

जुना बुश पुसून मी मालकांच्या हातात दिला. आतून कोरडा, बाहेरून चोपडा, भोक निपलपासून पाव फेरा सरकलेलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग ऑपरेटरकडे वळून म्हणाले, "काका, तुम्ही मारत होतात."

काकांनी काही उत्तर दिलं नाही. ग्रीसगन उचलून निपलला लावली. सातव्या-आठव्या दाबाला पिनेला लागून, बुशाच्या आतल्या कडेने, ग्रीसची बारीक वळी बाहेर आली.