तुम्ही विचारलंत म्हणून: नाव जुळलं की वंश जुळतो का?

कुलवृत्तांताच्या कामात असलेली मंडळी भेटली की मला एक प्रश्न हमखास विचारतात. ‘अमेरिकेतल्या वसाहतकाळाचे कागद निम्मे जळलेले, निम्मे गहाळ. तरी अमका तमक्याचाच मुलगा हे तुम्ही कशावरून ठरवता? नाव जुळलं, गाव जुळलं, काळ जुळला, एवढ्यावर भागतं का?’

भागत नाही. का भागत नाही, ते एकाच घराण्यावरून सांगते. अब्राहम लिंकनचं घराणं. माझी सगळी वकिली जमिनींचं टायटल तपासण्यात गेली. मुलगी व्हर्जिनियात हॅरिसनबर्गजवळ राहते आणि लिंकनच्या पणजोबाची लिनव्हिल क्रीकवरची जमीन तिथून जवळच आहे. त्या निमित्ताने या घराण्याच्या कागदांत शिरले आणि अजून त्यातच आहे.

आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत खापरपणजोबा सापडतो, कारण ती वही वंशासाठीच लिहिलेली असते. व्हर्जिनियात जन्म-मृत्यूची नोंद सरकारने धरून ठेवायला सुरुवात केली ती १८५३ साली. त्याआधीचा बाप शोधायचा तर दुसऱ्याच कुठल्यातरी कामासाठी लिहिलेल्या कागदात शोधावा लागतो.

या घराण्याचा अमेरिकेतला पहिला माणूस सॅम्युएल लिंकन. इंग्लंडच्या नॉर्फोकमधल्या हिंगहॅम गावचा. फ्रान्सिस लॉज नावाच्या विणकराकडे तो उमेदवारी करत होता आणि १६३७मध्ये त्याच्याच बरोबर मॅसॅच्युसेट्सला आला. जहाजाच्या यादीत त्याचं आडनाव ‘लिंकॉर्न’ असं पडलं आहे आणि वय लिहिलंय १८. गावच्या चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद मात्र १६२२ची. म्हणजे पोरगा पंधराचाही नसावा. दोन्ही कागद अस्सल आणि दोघांत मेळ नाही, हे या कामात नेहमीचंच.

तो जिथे स्थायिक झाला त्या नव्या गावाचं नावही हिंगहॅमच ठेवलेलं. आणि त्या काळी त्या गावात थॉमस लिंकन नावाची चार माणसं होती! एक गिरणीवाला, एक विणकर, एक पिंपं बांधणारा आणि एक शेतकरी. गावाच्या दप्तरात नावापुढे धंदा लिहिला आहे म्हणूनच हे चौघे वेगळे ओळखू येतात. सॅम्युएलचा भाऊ यातला विणकर. तेव्हा नाव, गाव आणि काळ, तिन्ही जुळूनही चारात तीन वेळा माणूस चुकीचा निघू शकतो. त्यात ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ हे शब्द त्या दप्तरांत बाप-लेकासाठीच येतात असं नाही. गावात एका नावाचे दोघे असले की वयाने मोठा तो सीनियर. काका-पुतणे असतील, नाहीतर परस्परांचे कुणीच नसतील.

खुद्द लिंकनला आपल्या आजोबांच्या मागचं फारसं काही ठाऊक नव्हतं. आजोबाही अब्राहमच, कॅप्टन अब्राहम लिंकन. ते व्हर्जिनियातून केंटकीला गेले आणि तिथे मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारले गेले. लिंकनचे वडील थॉमस तेव्हा लहान होते. १८४८ साली लिंकनने हिंगहॅमच्या सॉलोमन लिंकनला आणि व्हर्जिनियातल्या डेव्हिड लिंकनला पत्रं लिहून चौकशी केली. वडील पोरके झाले, गरिबीत वाढले, शिकले नाहीत, म्हणून मला घराण्याची एवढी कमी माहिती आहे, असं त्याने त्यात मोकळेपणाने लिहिलं. पुढे १८५९मध्ये जेसी फेल या मित्राला पाठवलेल्या आत्मवृत्तात तो लिहितो की न्यू इंग्लंडच्या लिंकनांशी नातं लावण्याचा प्रयत्न झाला, पण इनॉक, लेव्ही, मोर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशी नावं दोन्हीकडे सारखी आहेत, यापलीकडे नक्की काही हाती लागलं नाही.

हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. अंदाज बरोबर होता. तो त्याच घराण्यातला होता. पण पुरावा नव्हता आणि तो वकील होता, म्हणून त्याने नातं सांगितलं नाही. राष्ट्राध्यक्षपदाच्या उंबरठ्यावर असताना जुन्या प्युरिटन घराण्याशी नाव जोडायचा मोह कुणालाही झाला असता.

मग दुवा सापडला कुठे? न्यू जर्सीत, जमिनीच्या व्यवहारात.

सॅम्युएलचा मुलगा मोर्डेकाय. तो १७२७मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सिच्युएटला वारला. त्याच्या मृत्युपत्रातल्या मुलांत मोर्डेकाय आणि अब्राहम ही नावं आहेत. त्याच काळात न्यू जर्सीच्या मॉनमथ काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) मोर्डेकाय आणि अब्राहम हे लिंकन बंधू दिसतात. बाप लोखंडाच्या धंद्यातला, हे दोघेही लोखंडाच्याच. त्यातला मोर्डेकाय पुढे पेनसिल्व्हेनियात सरकला आणि १७३६मध्ये तिथेच वारला. त्याच्या मृत्युपत्रात न्यू जर्सीतली ३०० एकर जमीन जॉन या मुलाच्या वाट्याला आली. बारा वर्षांनी, १७४८ साली, पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या जॉन लिंकनने ती विकली आणि खरेदीखतात लिहून दिलं की ही जमीन मला माझे वडील मोर्डेकाय यांच्याकडून आली.

बस, हाच तो कागद. हाच जॉन १७६८मध्ये लिनव्हिल क्रीकवर आला. राष्ट्राध्यक्षाचा पणजोबा तो हाच. वंश सांगावा म्हणून जॉनने काहीच लिहिलं नव्हतं. घेणाऱ्याने विचारलं, ही जमीन तुझी कशी? त्याचं उत्तर खतात उतरलं. आपल्या खरेदीखतात ‘सदर मिळकत आम्हांस वडिलोपार्जित हक्काने प्राप्त झाली’ हे वाक्य असतं ना, त्याच जागी तिथे बाप-लेकाचं नातं टिकून राहिलं. ज्या राज्यात ना बाप शेवटी राहिला ना मुलगा, त्या राज्याच्या दप्तरात. अभ्यासकांनी ते खत पुढे आणलं तेव्हा लिंकनला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

म्हणून मी आधी माणूस शोधत नाही, जमीन शोधते. त्यातही हद्दी बघाव्या लागतात. मोर्डेकायचं घर आजच्या बर्क्स काउंटीत आहे, पण बर्क्स काउंटी झाली १७५२मध्ये. तो वारला तेव्हा तो भाग फिलाडेल्फिया काउंटीत होता, त्यामुळे त्याचं मृत्युपत्र फिलाडेल्फियात. लिनव्हिल क्रीक आज रॉकिंगहॅम काउंटीत आहे, पण ती ऑगस्टा काउंटीतून फुटली १७७८मध्ये. त्याआधीचे कागद ऑगस्टाच्या कोर्टात, स्टॉन्टनला, आणि तिथले टिकले आहेत.

रॉकिंगहॅमचे टिकले नाहीत. यादवी युद्धात, जून १८६४मध्ये, दप्तर वाचवायचं म्हणून गाडीत भरून बाहेर काढलं होतं. जनरल हंटरच्या सैनिकांनी ती गाडी गाठून पेटवली. आग विझवून जेवढं वाचवता आलं तेवढं वाचलं, कडा जळलेल्या वह्यांच्या रूपात. ते सैन्य युनियनचं होतं, म्हणजे लिंकनच्याच हुकमाखालचं. ज्या कोर्टात त्याच्या आजोबांचे जमिनीचे व्यवहार नोंदले जात, त्याचंच दप्तर त्या दिवशी जळालं. हे वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं.

तरी जळालेल्या काउंटीतही वाटा उरतात. कराच्या याद्या रिचमंडला पाठवल्या जात, तिथली प्रत शिल्लक असते. शेजाऱ्याच्या खतातल्या चतुःसीमेत आपल्या माणसाचं नाव येतं. कायदाही मदतीला येतो. कॅप्टन अब्राहम मे १७८६मध्ये मारले गेले. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचा भाग, आणि सगळी जमीन थोरल्या मुलाला देणारा जुना कायदा १ जानेवारी १७८७पर्यंत चालू होता. म्हणून थोरला मोर्डेकाय जमीनदार आणि धाकटा थॉमस कफल्लक. जमीन एकाच भावाच्या नावावर दिसते म्हणून दुसरा भाऊ नव्हताच, असं यावरून म्हणता येत नाही.

तारखांचंही जपावं लागतं. १७५२पर्यंत तिथे नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. फेब्रुवारी १७३५ असं लिहिलेलं मृत्युपत्र आपल्या हिशेबाने १७३६चं असतं. हे ध्यानात न घेता तक्ता केला की मुलं बापाच्या लग्नाआधी जन्मतात.

बायकांचा माग सगळ्यात अवघड. जमीन विकताना बायकोला हक्कसोड द्यावी लागे, म्हणून कॅप्टन अब्राहमच्या बायकोचं नाव ‘बर्शेबा’ असं कागदावर राहिलं. ती कोणाची लेक हे खतात नाही, आणि तिच्या माहेरावरून अभ्यासक बराच काळ भांडले. लिंकनच्या आईचं, नॅन्सी हँक्सचं, तर लग्नच झालं नव्हतं अशी कुजबुज होती. कारण लोक हार्डिन काउंटीचं दप्तर चाळत बसले. लग्न झालं होतं वॉशिंग्टन काउंटीत, १२ जून १८०६ला, आणि कागद तिथल्या कोर्टात सुखरूप होते. लिंकन गेल्यावर ते मिळाले. एका बाईची अब्रू इतकी वर्षं चुकीच्या कचेरीत शोधत राहिल्यामुळे टांगणीला लागली होती.

नॅन्सीची आई कोण, याबद्दलही दोन पक्ष होते. २०१५मध्ये आईकडून लेकीकडे जाणाऱ्या डीएनएची तपासणी झाली आणि ती ल्यूसी हँक्सचीच लेक हे नक्की झालं. शिप्ले घराण्यातली आई मानणारा पक्ष मागे पडला. तिच्या बापाचं नाव मात्र त्या तपासणीतून कळू शकत नाही. तो व्हर्जिनियातला कुणी मोठा जमीनदार होता असं लिंकन आपल्याला एकदा बोलला, हे त्याचा वकिलीतला भागीदार हर्नडन याने सांगून ठेवलंय. ऐकीव गोष्ट, तीही नाव नसलेली.

त्या एका वाक्यावर कितीतरी तक्त्यांत कुणा ना कुणा बड्या माणसाचं नाव भरलेलं दिसतं. मी तो रकाना कोरा ठेवते. त्याखाली ‘हर्नडनच्या सांगण्यानुसार’ एवढंच लिहिते. आणि कुणी मला लिंकन घराण्याचा नवा तक्ता पाठवला, तर आधी त्याच जागी काय लिहिलंय ते बघते.