डंकावरून आलेला मसाला

साताऱ्यातल्या एका मोठ्या एकत्र कुटुंबात ज्येष्ठा गौरींच्या पूजनाचा स्वयंपाक करायला आम्ही गेलो होतो. पंगत १२० पानांची होती. शिधा यजमानांचा आणि स्वयंपाक आमचा, असे ठरले होते. माणशी दोन पुरणपोळ्या धरून नऊ किलो हरभऱ्याची डाळ पहाटेच शिजायला टाकली होती. त्याशिवाय कटाची आमटी, अळूची पातळ भाजी, सोळा भाज्यांची एकत्र भाजी, भोपळ्याचे भरीत, पंचामृत, खीर, वडे आणि साधा वरणभात असा बेत होता. घरातल्या आजींनी आदल्या दिवशीच मला जवळ बोलावून एकच गोष्ट सांगितली होती, "बाई, चव थोडी इकडेतिकडे झाली तर चालेल, पण गौरींच्या ताटात कांदा-लसणाचा वाससुद्धा यायला नको."

साताऱ्या-कोल्हापूरकडच्या घरात ही अट पाळणे किती जोखमीचे असते, हे बाहेरच्यांना सहज कळणार नाही. इथल्या रोजच्या स्वयंपाकाचा जीवच कांदा-लसूण मसाल्यात असतो. उन्हाळ्यात वर्षभराचा मसाला कुटून बरणीत भरला जातो आणि आमटीपासून पिठल्यापर्यंत सगळीकडे हात त्याच बरणीकडे वळतो. चातुर्मास पाळणारी घरे आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, पोटभर कांदाभजी खाऊन कांदा बंद करतात. ज्यांच्या कुळात खंडोबा आहे, ती मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत, कांद्याची पात आणि रोडगा यांचा नैवेद्य दाखवून कांदा पुन्हा सुरू करतात. पण घरातला कांदा बंद झाला तरी भांड्यांना, चमच्यांना आणि खलबत्त्यांना मुरलेला वास बंद होत नाही. म्हणून अशा कामाला मी माझी पळी, झारे, परात आणि मिक्सरचे भांडे वेगळे ठेवलेले घेऊन जाते.

त्या दिवशी माझ्या हाताखाली एक नवा आचारी होता. महामार्गावरच्या ढाब्यावर त्याने बरीच वर्षे काढली होती. हात विलक्षण जलद आणि सुरी अशी चालायची की पाहत राहावे. भाज्या चिरून झाल्यावर त्याने अगदी मनापासून विचारले, "ताई, कांदा नाही, लसूण नाही, मग रश्श्याला अंग कुठून येणार?" प्रश्न अगदी योग्य होता. परतलेला कांदा रश्श्याला दाटपणा देतो, गोडवा देतो आणि खमंग वासही देतो. तो नुसता वगळला तर भाजी पाणचट होते आणि मग ती झाकायला लोक तिखट वाढवत जातात. सणाचा स्वयंपाक हा कांदा वगळलेला रोजचा स्वयंपाक नसतो, त्याची मांडणीच निराळी असते. दाटपणा भाजलेले सुके खोबरे, तीळ, दाण्याचे कूट आणि डाळीचे पीठ यांच्याकडून येतो, गोडवा गुळाकडून येतो, त्या गोडव्याला चिंच धरून ठेवते आणि वासाची जबाबदारी हिंग, कढीपत्ता आणि गोडा मसाला घेतात. मी त्याला एवढेच म्हटले, "आमटी उकळायला लागली की वास घे, मग सांग."

सकाळी नऊच्या सुमारास कट वेगळा काढून झाला आणि मी यजमानांनी आणून ठेवलेला गोड्या मसाल्याचा डबा उघडला. वरचा थर चांगला काळसर, तेलकट, नेहमीसारखा दिसत होता. पण झाकण निघताच दगडफूल आणि लवंग यांच्या आधी नाकात गेला तो लसूण. मी चिमूटभर मसाला तळहातावर घेतला, दोन थेंब गरम पाणी टाकले आणि चोळून पुन्हा वास घेतला. शंका उरली नाही. नवा आचारी लांबूनच म्हणाला, "ताई, हा तर आपला कांदा-लसूणच की."

घरात विचारल्यावर उलगडा झाला. जिन्नस घरीच नीट भाजलेले होते, त्यात काहीच वावगे नव्हते. पण कुटायला ते डंकावर, म्हणजे मसाला कुटून देणाऱ्या यंत्रावर, नेले होते आणि त्याआधी त्याच उखळात कोणाचा तरी कांदा-लसूण मसाला कुटून निघाला होता. डंकावर हे नेहमीचेच आहे. उखळ फार तर झटकून घेतात, धुऊन कोरडे करायला कोणाला सवड नसते आणि आधीच्या घाण्याचे तेलकट अवशेष पुढच्याच्या मसाल्यात उतरतात. सणासाठी मसाला कुटायचा असेल तर सकाळी पहिला घाणा आपला लावावा किंवा आपल्याच मूठभर धन्यांनी उखळ आधी पुसून काढून ते धने टाकून द्यावेत, हे सांगणारे माणूस त्या वेळी तिथे नव्हते.

नैवेद्य साडेबाराला दाखवायचा होता. घरातलीच एक वडीलधारी व्यक्ती मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "एवढ्याशा वासाने काय होतंय? आमटीत पडल्यावर कोणाला कळणार आहे?" त्यांचा हेतू वाईट नव्हता, पाहुणे येऊ लागले होते आणि घाई खरीच होती. पण ज्यांनी अट घातली त्यांना कळणार नाही म्हणून ती मोडायची, हे मला मान्य होण्यासारखे नव्हते. देव मानणाऱ्याने मानावा, न मानणाऱ्याने मानू नये. परंतु समोरचा माणूस विश्वासाने जेवतो आहे आणि त्याच्या ताटात काय आहे ते फक्त मला ठाऊक आहे, तेव्हा खरे वागण्याचे ओझे माझ्यावर असते. मी तो डबा बंद करून माजघरात पाठवला आणि कोरडी कढई चुलीवर ठेवली.

अर्धा किलो मसाला पुरणार होता. साहित्य घरात होतेच. खसखस तेवढी थोडी कमी होती. गोड्या मसाल्यात प्रत्येक जिन्नस वेगळा भाजावा लागतो, कारण प्रत्येकाची वेळ वेगळी असते. धने मंद आचेवर, चांगला वास सुटेपर्यंत भाजले. जिरे आणि शहाजिरे एकत्र, पण क्षणभरच. शहाजिरे जळले की सगळा मसाला कडवट होतो. तीळ तडतडू लागताच उतरवले. खोबऱ्याचा कीस नव्या आचाऱ्याकडे दिला आणि त्याला सांगितले की रंग सोनेरीच्या पुढे, पण तपकिरीच्या अलीकडे हवा. त्याने तो इतका बरोबर आणला की मला पुन्हा बघावे लागले नाही. मग थोड्या तेलात लवंग, दालचिनी, मिरी, नागकेशर, तमालपत्र आणि लाल मिरच्या, आणि सर्वांत शेवटी दगडफूल. ते कागदासारखे हलके असते, तेलात पडले की लगेच काढावे लागते. तोवर त्याला वास जवळजवळ नसतो आणि तेल लागताच ते सगळी कढई ताब्यात घेते.

हिंग मात्र मी माझ्याकडचा खडा वापरला. बाजारातल्या पुडीतल्या हिंगात मैदा किंवा तांदळाचे पीठ आणि डिंक मिसळलेला असतो, त्यामुळे तो जास्त घालावा लागतो. खडा तेलात टाकला की फुगतो, आतून ठिसूळ होतो आणि सहज कुटला जातो. हिंगाचा वास आणि लसणाचा वास, दोन्ही गंधकाच्या संयुगांमुळे येतात. म्हणूनच लसणाची उणीव हिंग इतकी बेमालूम भरून काढतो. त्याला तूप किंवा तेल मात्र हवे. उकळत्या पाण्यात वरून टाकलेला हिंग नुसता उग्र लागतो.

साडेदहाच्या आत मसाला तयार झाला. आमटीत तो पडला, पाठोपाठ वाटलेले खोबरे, चिंचेचा कोळ आणि गूळ पडला आणि पहिली उकळी आल्यावर आचारी स्वतःहून पातेल्याजवळ येऊन उभा राहिला. पळी उचलून तो तळहातावर थेंब घेणार, तेवढ्यात मी त्याला थांबवले. नैवेद्य दाखवण्याआधी चाखायचे नाही, हा दुसरा नियम त्याला नवा होता. अशा वेळी अंदाजावर विसंबण्यापेक्षा मी वजनकाटा वापरते. आमटीला लिटरमागे दहा ग्रॅम मीठ घालते. पातळ भाजीत ताक असल्याने तिला किंचित जास्त लागते. अळूची खाज गेली की नाही हे न चाखता कळत नाही, म्हणून तिथे आधीच सावध राहायचे: देठ सोलून घ्यायचे, पाने पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवायची आणि चिंच भरपूर घालायची. वाफेच्या वासावरून चिंच-गुळाचा तोल कळतो, असे मी त्याला म्हणाले तेव्हा त्याचा विश्वास बसला नाही. पण दोन पातेल्यांच्या वाफा हुंगून, गूळ कशात कमी आहे हे त्याने बरोबर ओळखले.

साडेबाराला नैवेद्याची दोन ताटे गेली, कारण गौरी दोन. आजी ताटांवरून पाणी फिरवायच्या आधी वाकल्या आणि आमटीच्या वाटीचा वास घेऊन माझ्याकडे पाहत त्यांनी फक्त मान हलवली. मग पंगत बसली. मुलांना पंगतीत बसायचा कंटाळा येतो असे घरच्यांना वाटत होते, पण आमटी-भाताला दुसऱ्यांदा वाढप करावे लागले ते त्यांनाच. आचाऱ्याने वाढताना वाटीभर आमटी स्वतःसाठी बाजूला काढली, सगळ्यांच्या शेवटी ती भाताबरोबर खाल्ली आणि खिशातली पावती उलटी करून तिच्यावर मसाल्याचे प्रमाण लिहून घेतले. ढाब्यावर नवरात्रात कांद्याशिवायचे जेवण मागणारी गिऱ्हाइके येतात आणि त्यांना आपण आजवर नुसते टोमॅटोचे पाणी पाजत आलो, असे तो म्हणाला.

डंकावरचा मसाला टाकून देण्याचे मात्र काही कारण नव्हते. जिन्नस उत्तम होते आणि भाजलेही चांगले होते. मूळ नक्षत्रावर गौरींचे विसर्जन झाले की घरातल्या रोजच्या उसळीला तो वापरावा, असे मी वहिनींना सांगितले आणि डब्यावर खडूने तशी खूण करून दिली.